पतसंस्थेचं सॉफ्टवेअर कसं बांधावं आणि "आपल्याला कोण हॅक करणार" याचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे की परभणीकडचा एक मुलगा, नुकतंच इंजिनिअरिंग झालेलं, दोन मित्रांना घेऊन तालुक्याच्या एका पतसंस्थेसाठी सॉफ्टवेअर बनवायलाय. पिग्मी एजंटचं मोबाईल ॲप, शाखेतला काउंटर आणि हेड ऑफिसचे रिपोर्ट. त्याला विचारायचंय की मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे एकाच सॉफ्टवेअरचे स्वतंत्र चालणारे छोटे तुकडे, घ्यावेत का, क्लीन आर्किटेक्चर, म्हणजे कोडचे कप्पे आणि त्यांच्या सीमा आखायची पद्धत, पाळावं का, आणि २०२५ च्या मे महिन्यात एवढे सायबर हल्ले झाले म्हणतात तर पाकिस्तान-चीनच्या हॅकर्सपासून हे वाचवायचं कसं, का एवढ्याशा संस्थेला कोणी हातच लावणार नाही.

तू वयानं लहान आहेस म्हणून एकेरीत लिहितो. संभाजीनगरला राहून मी बरीच वर्षं हेच काम करतोय, वाळूजचे कारखाने, मोंढ्यातल्या अडती, पतसंस्था, सगळं. माझं म्हणणं असं आहे की तू तीन प्रश्न विचारलेस पण ते एकच आहेत. या संस्थेचं नुकसान कोण करू शकतो आणि कुठल्या वाटेनं, हे आधी कागदावर लिही, बाकी डिझाईन त्यातून बरंचसं आपोआप ठरतं. उलट्या क्रमानं गेलास, म्हणजे आधी फ्रेमवर्क (कोडचा तयार सांगाडा) मग आर्किटेक्चर मग शेवटच्या आठवड्यात "सिक्युरिटी टाकू", तर काम दिसायला छान होईल आणि पैसे भलत्याच ठिकाणाहून जातील.

आधी लांबचा शत्रू घेऊ कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. ऑपरेशन सिंदूरनंतर महाराष्ट्र सायबरनं, म्हणजे राज्याच्या सायबर गुन्हे विभागानं, जो अहवाल काढला त्यात १५ लाखांवर हल्ल्यांचे प्रयत्न मोजले होते आणि यशस्वी झालेले १५०. त्यात आपल्या राज्यातलं एक नाव होतं, कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची वेबसाईट. बघ, संरक्षण खातं नाही, अणुभट्टी नाही, नगरपरिषद. एपीटी ३६ म्हणतात तो पाकिस्तानशी जोडला जाणारा गट बरीच वर्षं भारतातल्या सरकारी आणि लष्करी माणसांना खोटी कागदपत्रं पाठवून माहिती काढायचं काम करतोय, पहलगामच्या हल्ल्यानंतर तर त्याच विषयाच्या नावानं खोट्या फायली फिरवल्या. त्या गटाला परभणीच्या पतसंस्थेच्या खतावणीत (खातेवार हिशेबाच्या वहीत) रस असेल असं मला वाटत नाही. पण वेबसाईटवर झेंडा लावून फोटो टाकणारी जी टोळकी असतात ती नाव बघून जात नाहीत, ती इंटरनेटवर उघडी दारं शोधत फिरतात आणि जे सापडलं ते घेतात. त्यांच्या स्कॅनरला, म्हणजे दारं शोधणाऱ्या प्रोग्रॅमला, आपल्या परभणी जिल्ह्यातलं सेलू कळत नाही आणि दिल्लीही कळत नाही, त्याला फक्त आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा मशीनचा नंबर, कळतो. त्यामुळं "आपण छोटे आहोत" हे संरक्षण नाही हे डोक्यात पक्कं बसव.

आता जी गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल ती सांगतो. या सगळ्यात सगळ्यात धोकादायक जागा तुझी स्वतःची आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला आणि त्यात आपल्या जेएनपीटीतलं एक कंटेनर टर्मिनल बंद पडलं, मर्स्क कंपनी चालवत होती ते. आपल्याकडचा माल ज्या बंदरातून बाहेर जातो ते बंदर. आणि तो व्हायरस आत शिरला कुठून, तर युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. एम.ई.डॉक नाव होतं त्याचं. म्हणजे तू जे बनवायलायस तसलंच, हिशेबाचं सॉफ्टवेअर, छोटी कंपनी, आणि तिच्या अपडेट सर्व्हरवर कोणीतरी बसलं तर जगभर अब्जावधी डॉलरचं नुकसान. आपल्याकडचं उदाहरण ३१ जुलै २०२४ चं, छोट्या बँकांना सिस्टीम पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीच्या सिस्टीमवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, हल्ला झाला आणि यूपीआय वगैरे चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं तोडलं, तर देशभरातल्या जवळपास ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडकले, सहकारी आणि ग्रामीण बँका. त्या बँकांनी स्वतः काहीही चुकीचं केलेलं नव्हतं.

म्हणून तुझा लॅपटॉप, तुझं गिटहब खातं (जिथं कोड ठेवतोस), तुझ्या ॲपवर सही करायची डिजिटल किल्ली, ग्राहकाच्या कॉम्प्युटरवर ठेवलेलं तुझं एनीडेस्क (लांबून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर), हे सगळं त्या पतसंस्थेच्या तिजोरीचाच भाग समज. सगळ्या ग्राहकांना एकच ॲडमिन पासवर्ड ही आपल्या भागातल्या व्हेंडर लोकांची फार जुनी सवय आहे, संस्थेचं नाव ॲट १२३ वगैरे. एक ठिकाणी फुटला की सगळीकडे फुटला. प्रत्येक ग्राहकाला वेगळी ओळख, वेगळा पासवर्ड, दोन पायऱ्यांचं लॉगिन, आणि सपोर्टसाठी आत जायचं असेल तर संस्थेच्या माणसानं तेवढ्या वेळापुरतं दार उघडायचं, काम झालं की बंद. आणि हेड ऑफिसच्या विंडोज मशीनचा रिमोट डेस्कटॉप, म्हणजे लांबून मशीन चालवायची सोय, राऊटरवरून थेट इंटरनेटला उघडा ठेवायचा नाही म्हणजे नाही. त्याचं ३३८९ नंबरचं पोर्ट उघडं आणि पासवर्ड सोपा, ही रॅन्समवेअरची ठरलेली वाट आहे, वायरगार्डसारखं व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत यायचा बंद खासगी रस्ता, टाकायला अर्धा दिवस लागतो आणि पैसे लागत नाहीत.

त्याच मशीनवर ॲक्टिव्हेटर मारलेलं, म्हणजे लायसन न घेता चालू केलेलं, विंडोज असेल तर आधी ते बदलायला लाव, मगच काम सुरू कर. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर १२ मे २०१७ ला आला आणि मायक्रोसॉफ्टनं त्याचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मार्चमध्येच दिलेला होता, दोन महिने आधी. ज्यांचे अपडेट चालू होते ते वाचले. पायरेटेड विंडोजवर लोक अपडेट मुद्दाम बंद ठेवतात, ॲक्टिव्हेशन जाईल म्हणून. लायसनचे पैसे मागायला लाजू नको, कोटेशनमध्येच टाक.

आता आतल्या माणसाकडे येतो, आणि इथं मी थोडं जास्त लिहिणार आहे कारण मराठवाड्यात ठेवीदार रस्त्यावर आले ते बाहेरच्या हॅकरमुळं नाही आले. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे ज्या पतसंस्था आणि मल्टिस्टेट (अनेक राज्यांत चालणाऱ्या सहकारी संस्था) बुडाल्या त्यात माणसांनी आयुष्यभराची कमाई घालवलीय, मुलीच्या लग्नाचे, विकलेल्या शेतीचे पैसे. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या कंपनीचा ५ लाखांपर्यंतचा विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही. रिझर्व्ह बँकही इथं नसते, सहकार खातं असतं, १९६० चा सहकारी संस्था कायदा, आणि वर्षातून एकदा येणारा ऑडिटर. म्हणजे त्या ठेवीदाराचा भरवसा ज्याच्यावर आहे ती नोंद तू लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये आहे. तो प्रोग्रॅम जर मॅनेजरला मागच्या तारखेची नोंद गुपचूप बदलू देत असेल तर पुढच्या गैरव्यवहारात तुझं सॉफ्टवेअर हत्यार म्हणून वापरलं गेलेलं असेल.

जुने मुनीम कीर्दीत (रोजच्या व्यवहारांच्या वहीत) खाडाखोड करत नव्हते, चूक झाली तर उलट नोंद टाकायचे आणि दोन्ही नोंदी दिसत राहायच्या. तेच कर. व्यवहारांच्या टेबलमध्ये एकदा गेलेली ओळ बदलत नाही आणि पुसली जात नाही. आणि हे फक्त कोडमध्ये पाळायचं असं नाही, डेटाबेसलाच सांगून ठेव, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ॲप ज्या युजरनं जोडलं जातं त्याला त्या टेबलवर फक्त वाचायचा आणि नवीन ओळ टाकायचा अधिकार दे, अपडेट आणि डिलीटचा काढून घे. मग उद्या तुझ्या टीममधल्या नव्या पोरानं चुकून काही लिहिलं किंवा कोणी एसक्यूएल इंजेक्शननं, म्हणजे फॉर्मच्या रकान्यातून डेटाबेसला हुकूम घुसवून, आत शिरला तरी जुना हिशेब त्या वाटेनं हलत नाही. टेबल बनवायला आणि बदलायला वेगळा युजर, त्याचा पासवर्ड ॲपच्या सर्व्हरवर ठेवायचाच नाही.

प्रत्येक नोंदीला दोन तारखा ठेव, व्यवहार कोणत्या दिवसाचा आणि नोंद प्रत्यक्षात कधी टाकली. पहिली माणूस देईल, दुसरी सर्व्हर स्वतःच्या घड्याळावरून टाकेल आणि ती कोणालाही बदलता येणार नाही. मागच्या तारखेची नोंद कधीकधी खरंच करावी लागते, मार्चएंडला तर लागतेच, तिला अडवू नको, पण ती वेगळ्या रंगात दिसू दे आणि ऑडिटरला एका बटणावर तेवढ्याच नोंदींची यादी निघू दे. ऑडिटर हा तुझा सगळ्यात महत्त्वाचा युजर आहे आणि त्याच्यासाठी स्क्रीन बनवणारा व्हेंडर मी फार कमी बघितलाय.

याच्या पुढची पायरी म्हणजे साखळी. प्रत्येक नोंदीचा हॅश, म्हणजे नोंदीतून गणितानं काढलेला तिचा ठसा, काढताना आधीच्या नोंदीचा हॅश त्यात घ्यायचा, म्हणजे मधली एक ओळ जरी कोणी डेटाबेसमध्ये हातानं बदलली तरी तिथून पुढचं सगळं जुळत नाही. पण ज्याच्या हातात पूर्ण सर्व्हर आहे तो साखळीच नव्यानं बनवू शकतो, म्हणून दिवसअखेरचा शेवटचा हॅश संस्थेच्या बाहेर गेला पाहिजे, चेअरमनच्या मोबाईलवर, ऑडिटरच्या ईमेलवर, आणि दैनिक किर्दीच्या प्रिंटवर छापून त्याखाली सह्या. ब्लॉकचेन वगैरे काही लागत नाही याला, पन्नास ओळींचं काम आहे. ते कुठल्याही एन्क्रिप्शनच्या जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगाचं आहे असं माझं ठाम मत आहे.

कॉसमॉस बँकेचं प्रकरण तुला माहीत असेल, पुण्यातलं. ऑगस्ट २०१८, ११ तारखेला २८ देशांतल्या एटीएममधून क्लोन कार्डांनी पैसे काढले आणि १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यावरून जवळपास १४ कोटी हाँगकाँगला पाठवले, सगळे मिळून ९४ कोटींच्या आसपास. त्यात चोरांनी खातेदारांच्या खात्यांना हात लावला नव्हता, त्यांनी एटीएम आणि कोअर बँकिंगच्या (बँकेच्या मूळ खात्यांच्या सिस्टीमच्या) मधे एक खोटा स्विच (मंजुरी देणारा सर्व्हर) बसवला जो आलेल्या प्रत्येक मागणीला "हो, द्या पैसे" म्हणत होता, खऱ्या सिस्टीमला न विचारता. डिझाईन करणाऱ्यानं यातून घ्यायचं ते हे की जो भाग "हो" म्हणतो त्याच्यावर दुसऱ्या कुठल्यातरी स्वतंत्र भागानं मोजणी ठेवली पाहिजे. तुझ्या छोट्या संस्थेत याचा अर्थ असा की पिग्मी ॲपची दिवसाची बेरीज, काउंटरला जमा झालेली रोकड आणि खतावणीतला आकडा हे तीन वेगवेगळ्या कोडमधून निघाले पाहिजेत आणि जुळल्याशिवाय दिवस बंद होता कामा नये. एकाच फंक्शनमधून तिन्ही काढलेस तर ते नेहमीच जुळतील, चोरी झाली तरी.

मायक्रोसर्व्हिसेसचं उत्तर आता तुला कळलंच असेल. नको. ठेवीच्या खात्यात जमा आणि रोख खात्यात नावे, या दोन नोंदी एकतर दोन्ही झाल्या पाहिजेत किंवा एकही नाही, आणि एका डेटाबेसच्या एका ट्रान्झॅक्शनमध्ये हे फुकट मिळतं. ते तोडून दोन सर्व्हिसमध्ये टाकलंस की मधे नेटवर्क आलं, आणि आपल्याकडे लाईट जाते, फायबर तुटतं, जेसीबीवाला रोज कुठंतरी खोदत असतो, मग अर्धवट राहिलेले व्यवहार शोधायला रात्री तू बसणार. मोठ्या कंपन्या ते करतात कारण त्यांच्याकडे शेकडो टीम असतात आणि त्यांना एकमेकांची वाट न बघता काम करायचं असतं. तुम्ही तिघं आहात. एक प्रोग्रॅम, एक पोस्टग्रेस, पण आत कप्पे नीट कर, ठेव, कर्ज, पिग्मी, सभासद, हिशेब. आणि एकच कडक नियम ठेव की खतावणीत लिहिणारा कप्पा फक्त हिशेबाचा, बाकीच्यांनी त्याला सांगायचं, त्यांनी स्वतः टेबलला हात लावायचा नाही. क्लीन आर्किटेक्चर, हेक्सागोनल, काय नाव द्यायचं ते दे, एवढी एक सीमा पाळलीस तर बाकी फोल्डर कसे लावलेस याचा मला फरक पडत नाही. फ्रेमवर्क जे तिघांनाही येतं ते घे. पुढं जा.

पैसे पैशांतच ठेव, म्हणजे पूर्णांकात, रुपये गुणिले शंभर. फ्लोटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या दशांश आकड्यांत, ०.१ आणि ०.२ ची बेरीज केली तर दशांश चिन्हानंतर सतराव्या जागी एक ४ येऊन बसतो, आणि हजारो खात्यांवर व्याज काढताना तो तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा गोषवारा) जुळू देत नाही. राऊंडिंग कुठं करायचं हे संस्थेच्या पोटनियमात किंवा संचालकांच्या ठरावात काय आहे ते विचारून घे, स्वतः ठरवू नको. आणि टेस्ट लिहिताना मनानं आकडे घेऊ नको. संस्थेकडून बंद झालेल्या जुन्या खात्यांची रजिस्टरची पानं माग, मुदतीआधी मोडलेल्या ठेवी, थकलेली कर्जं, लीप वर्षातल्या एफडी, आणि तुझ्या प्रोग्रॅमनं काढलेलं व्याज त्या वेळी हातानं लिहिलेल्या व्याजाशी जुळतं का बघ. जिथं जुळत नाही तिथं एकतर तुझी चूक किंवा त्यांचा कुठंही न लिहिलेला नियम सापडतो, आणि दोन्ही सापडणं गरजेचं आहे. मला यापेक्षा चांगली टेस्टिंगची पद्धत माहीत नाही.

पिग्मी ॲपवर सगळ्यात जास्त वेळ घाल. एजंट बाजारात फिरतो, भाजीवाल्याकडून ५० रुपये घेतो, रेंज नसते, तो बटण दाबतो, काही होत नाही म्हणून परत दाबतो. इथं दोन पावत्या झाल्या नाही पाहिजेत. त्यासाठी पावतीची स्क्रीन उघडतानाच फोननं एक युनिक आयडी बनवायचा आणि तोच आयडी कितीही वेळा पाठवला तरी सर्व्हरनं एकच नोंद करायची, डेटाबेसमध्ये युनिक कन्स्ट्रेंट (एक आयडी दोनदा घ्यायचा नाही असा नियम) टाकून. फक्त "आधी आहे का बघू, नसेल तर टाकू" असं लिहिलंस तर दोन रिक्वेस्ट एकदम आल्यावर दोन्ही आत जातील. पावती नंबर प्रत्येक फोनचा वेगळ्या सिरीजचा आणि सलग, म्हणजे मधला नंबर गायब झाला तर संध्याकाळी लगेच दिसेल.

आणि ग्राहकाला मेसेज सर्व्हरवरून गेला पाहिजे, जमा रक्कम आणि एकूण शिल्लक. एजंट पैसे घेऊन नोंद करत नाही किंवा ५०० घेऊन २०० टाकतो, ही खरी रोजची चोरी आहे आणि ती पकडणारा माणूस तो भाजीवालाच आहे, दुसरं कोणी नाही. एसएमएसला ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाप्रमाणे डीएलटी नोंदणी, म्हणजे मेसेज पाठवणाऱ्याची नोंद, लागते, टेम्प्लेट मंजूर करून घ्यावं लागतं, खर्च येतो, संचालक म्हणतील वाचवा. त्यावर अडून बस. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी महिन्याला पासबुक भरून द्यायची सोय ठेव, शाखेतून, एजंटच्या हातून नाही.

फोनवर एजंटच्या त्या दिवसाच्या यादीपलीकडं काही साठवू नको, कोणाची किती शिल्लक हे त्याला कळायची गरज नाही आणि फोन हरवला तर बाजारातल्या सगळ्यांची माहिती जायला नको. आणि सर्व्हरवर प्रत्येक रिक्वेस्टला तपास, हा खाते नंबर या एजंटचा आहे का. लॉगिन आहे म्हणजे सगळं बघता येतं असं खूप लोक सोडून देतात, पत्त्यातला खाते नंबर एकानं वाढवला की शेजाऱ्याचं खातं उघडतं. हे शोधायला हॅकर लागत नाही, रिकामा बसलेला दहावीतला पोरगा पुरतो.

ॲप व्हॉट्सॲपवरून एपीके (ॲपची फाईल) पाठवून वाटायचं नाही. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही, हे करूच नको. पीएम किसानच्या नावाचं एपीके, आरटीओ चलनाचं एपीके, लग्नपत्रिकेचं एपीके, यांनी आपल्याकडच्या शेतकऱ्यांची खाती रिकामी केलीत, ते ॲप मेसेज वाचायची परवानगी घेतं आणि ओटीपी पुढं पाठवतं. आणि आपणच गावातल्या माणसाला "फाईल डाउनलोड करा, अननोन सोर्सला हो म्हणा" शिकवलं तर उद्या चोराचं काम आपण सोपं करून ठेवलं. प्ले स्टोअरवर टाक, क्लोज्ड टेस्टिंगमध्ये ठेवायचं तर ठेव, पण तिथूनच दे.

शाखेतल्या लॉगिनचं बघ. रोखपाल नोंद टाकेल आणि मॅनेजर पास करेल, एकच माणूस दोन्ही करू शकणार नाही, हे तू कोडमध्ये घालशील. आणि आठ दिवसांत मॅनेजरचा पासवर्ड रोखपालाला पाठ असेल कारण मॅनेजर वसुलीला बाहेर असतो आणि काउंटरला रांग लागलेली असते. त्यावर भाषण देऊन काही होत नाही. मॅनेजरला त्याच्या फोनवरून दोन सेकंदात पास करता येईल असं बनव, मग पासवर्ड द्यायची गरजच राहत नाही. दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती टाकू नको, त्यानं लोक मॉनिटरला चिठ्ठी चिकटवतात, अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनंसुद्धा २०१७ पासून ती सक्ती करू नका असंच सांगितलंय. पासवर्ड साठवताना अर्गॉन२ किंवा बीक्रिप्ट (साठवलेल्यावरून मूळ पासवर्ड काढता येऊ नये अशा पद्धती), हे सांगायची गरज नसावी.

नावांचं एक लक्षात ठेव, हे तुला इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडणार नाही. कऱ्हाडे हे आडनाव युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या पद्धतीत) दोन प्रकारे टाईप होतं, एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं आणि दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मागं एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे, कॉम्प्युटरला मात्र वेगळे, आणि नेहमीचं नॉर्मलायझेशन (सारखी अक्षरं एकाच रूपात आणणं) चालवलं तरी ते एक होत नाहीत, तो नियम तुला स्वतः लिहावा लागतो. जुना डेटा श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमधून बदलून आणलेला असेल तर आणखी गंमती निघतील. परिणाम असा होतो की एकाच माणसाचे दोन सभासद क्रमांक तयार होतात आणि एकावर कर्ज थकलेलं असताना दुसऱ्यावर नवं मिळतं. शेख नावाची तर आपल्याकडे चार स्पेलिंग असतात. नावावरून ओळख पटवायची नाही, सभासद क्रमांकावरूनच, आणि नवीन सभासद करताना मिळतीजुळती नावं समोर दाखव.

बॅकअपला मी रिस्टोर झाल्याशिवाय बॅकअप म्हणत नाही. मशीनला कायम लावून ठेवलेला पेनड्राईव्ह रॅन्समवेअर मशीनबरोबरच लॉक करतो. तीन प्रती, दोन प्रकारच्या जागी, त्यातली एक गावाबाहेर, आणि महत्त्वाचं म्हणजे सर्व्हरनं बॅकअप ढकलायचा नाही, बॅकअपच्या मशीननं येऊन ओढून न्यायचा, म्हणजे सर्व्हर कोणाच्या ताब्यात गेला तरी जुन्या प्रती पुसायचा अधिकार त्याच्याकडे नसेल. आणि महिन्यातून एकदा दुसऱ्याच कॉम्प्युटरवर तो रिस्टोर करून तेरीज काढायची आणि शाखेच्या तेरजेशी जुळवायची, संस्थेच्या अकाउंटंटला शेजारी बसवून. स्क्रिप्ट "सक्सेस" म्हणते यावर विश्वास ठेवू नको.

लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, कमी घे. २०२१ च्या डिसेंबरात लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीतल्या भोकामुळं जगभरचे जावावाले लोक रात्रंदिवस जागले, आणि २०२४ च्या मार्चमध्ये फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या छोट्या टूलमध्ये मुद्दाम घातलेलं मागचं दार सापडलं ते अँड्रेस फ्रॉइंड या एका इंजिनिअरला एसएसएच लॉगिन (सर्व्हरवर लांबून आत जायची वाट) अर्धा सेकंद उशिरा का होतंय असा प्रश्न पडला म्हणून. आता एआयकडून कोड लिहून घेताना आणखी एक धोका वाढलाय, तो कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव सुचवतो आणि चोर लोक तेच नाव रजिस्टर करून ठेवायलेत. रिपोर्टचं फॉरमॅटिंग, टेस्टचा सांगाडा, हे एआयकडून खुशाल करून घे, खतावणीत लिहिणारी प्रत्येक ओळ मात्र तिघांपैकी दोघांनी वाचलेली पाहिजे.

आधार नंबर साठवू नको. शेवटचे चार आकडे पुरतात, आणि बोटांचे ठसे असलेल्या कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रती तर अजिबात नको, जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरून ठसे उचलून नकली बोटानं एईपीएसमधून (आधारवर बोट लावून पैसे काढायच्या सोयीतून) पैसे काढल्याची प्रकरणं देशात झालीत. सभासदांना आधारचं बायोमेट्रिक लॉक करायला शिकवायचा एक कार्यक्रम वार्षिक सभेला ठेवायला सांग, संचालकांनाही आवडेल.

आणि काही घडलंच तर काय करायचं हे आधीच एका पानावर मराठीत लिहून प्रत्येक शाखेच्या भिंतीवर लाव. मशीनची नेटची वायर काढायची, पुसापुसी आणि फॉरमॅट करायचं नाही, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन, कारण जेवढ्या लवकर तक्रार तेवढी पुढच्या खात्यात रक्कम गोठवायची शक्यता. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश वाचून घे, घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायचं आहे, लॉग (मशीननं स्वतः ठेवलेल्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे आहेत आणि सर्व्हरचं घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवून ठेवायचं आहे. घड्याळाचं अनेकजण सोडून देतात आणि मग पाच मशीनच्या लॉगवरून कोण आधी आत आला हे कोणालाच लावता येत नाही.

तू पुढच्या वेळी लिहिशील तेव्हा टेबलांची रचना पाठव, मी बघतो. सगळ्यात आधी व्यवहारांचं टेबल आणि त्यावर कोणत्या युजरला कोणते अधिकार दिलेत ते पाठव, स्क्रीनचे फोटो नंतर.